वाचकांचे प्रश्न : नसांची गोळी आणि गुडघ्याची गोळी

प्रश्न : सासूबाई ६६ वर्षांच्या, वजन ४८ किलो. शुगर आहे. पायाची आग होते म्हणून प्रीगाबालिन ७५ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, गुडघ्यासाठी एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोन वेळा, बीपीसाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड. ऊन वाढल्यापासून दिवसभर गुंगीत असतात, मोरीत जाताना झोकांड्या जातात, पाय सुजले. या गोळ्या आपसात लढतात काय? क्रिएटिनिन १.२ आलं, लॅबवाला नॉर्मल म्हणतो.
— एक सून, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पोटात या गोळ्या एकमेकींना काहीच करत नाहीत. गाठ पडते ती किडनीत. प्रीगाबालिन अंगात जवळपास मोडतच नाही, घेतली तशी लघवीवाटे निघून जाते. किडनी मंदावली की ती रक्तात साचते, मग गुंगी, झोकांड्या, सूज. आणि किडनी मंदावण्याचं काम बाकीच्या गोळ्या करतात. एसिक्लोफेनॅकने किडनीकडे जाणारं रक्त घटतं, टेल्मिसार्टनने तिच्या गाळणीतला दाब उतरतो, हायड्रोक्लोरोथायझाइडने अंगातलं पाणी कमी होतं. थंडीत हे बहुतेकदा निभावून जातं. पारा ४४-४५ वर गेला, घाम जास्त आणि पाणी कमी झालं, त्यात एखादा दिवस हगवण लागली, की याच तीन औषधांवर किडनी बसू शकते.

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा; त्याच्या १.२ या आकड्यावर विसंबू नका. तो वय आणि वजन धरून वाचावा लागतो. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. सासूबाईंचे ७४ गुणिले ४८ म्हणजे ३५५२, भागिले ८६.४ म्हणजे ४१, गुणिले ०.८५, उत्तर ३५. किडनी किती गाळते ते सांगणारा हा आकडा ३० ते ६० मध्ये असला की प्रीगाबालिनचा डोस निम्मा करतात. म्हणजे सासूबाईंच्या अंगावर रोजच्या १५० मिग्रॅचा भार ३०० मिग्रॅसारखा पडतो आहे. कागदावर सगळं नॉर्मल आणि घरात म्हातारी पडते, असं होतं ते यामुळे.

एसिक्लोफेनॅकची जोडगोळी आजच थांबवा, ती एकदम बंद केली तरी चालते. प्रीगाबालिन मात्र मनाने एकदम बंद करू नका. घाम, घबराट, झोप उडणं सुरू होतं, क्वचित फिटचा झटकाही येतो. डॉक्टरांना ३५ हा आकडा दाखवून ती कमी करून घ्या. पूर्ण सोडायची ठरली तरी निदान आठवडाभर टप्प्याटप्प्याने. बीपीची गोळी रोजची असली तरी जुलाब-उलट्या लागल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ती तेवढ्यापुरती थांबवायची की नाही ते ठरवा. पायाच्या सुजेसाठी कुणी पाणी उतरवणारी आणखी एक गोळी दिली, तर आधी या तीन गोळ्या समोर ठेवा. सूज प्रीगाबालिन आणि एसिक्लोफेनॅक दोन्हींनी येते.

गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दिवसातून ३ वेळा. थांबवलेल्या जोडगोळीतही ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल असते; त्या दिवशी ती घेतली असेल तर दोन्ही मिळून मोजा. वरून डायक्लोफेनॅकचा जेल लावा, त्यातलं औषध रक्तात फार थोडं जातं. जेलने फरक पडत नाही म्हणणारे बहुधा वाटाण्याएवढा लावतात. गुडघ्याला एका वेळी सुमारे ४ ग्रॅम लागतो; एका गुडघ्याला ३ वेळा लावला तर ३० ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपते.

शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर या आकड्यावर तिचाही डोस कमी करावा लागतो. शिवाय ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ घटतं आणि त्यानेही पायाची आग होते. हाक मारूनही नीट जाग येत नसेल, श्वास संथ झाला किंवा लघवी फारच कमी झाली, तर १०८ ला फोन करा.

प्रश्न : बायकोला आमवात. मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा. हाताला मुंग्या येतात म्हणून रात्री गॅबापेंटिन ३०० मिग्रॅ. मेडिकलवाला म्हणतो दोन्ही सोबत चालत नाही. ॲसिडिटीचं पातळ औषधही घेते.
— वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : या दोघींचं थेट वैर नाही. ॲसिडिटीचं पातळ औषध आणि गॅबापेंटिन यांत मात्र २ तासांचं अंतर हवं. त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे गॅबापेंटिन कमी शोषलं जातं, आणि मग गुण येत नाही म्हणून उगाच डोस वाढतो.

खरी भीती मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली जाण्याची. त्याने जीव जातो. गावच्या बाजाराचा दिवस धरा, गोळी त्याच दिवशी; फॉलिक ॲसिड दुसऱ्या ठरलेल्या दिवशी. मेथोट्रेक्सेट २.५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या मिग्रॅमध्ये मिळते. १५ मिग्रॅ म्हणजे २.५ च्या सहा, पण ७.५ च्या दोनच. गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) बदलला की आकडा वाचूनच गोळ्या मोजा. दुखणं वाढलं म्हणून डायक्लोफेनॅकसारखी गोळी मनाने जोडू नका, ती मेथोट्रेक्सेट अंगात अडवून ठेवू शकते. लघवीच्या जळजळीला कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक कुणी दिलं तर घेऊच नका. दोन्ही मिळून रक्तपेशी घसरतात. तोंड येणं, ताप, अंगावर निळे डाग दिसले तर पुढची मात्रा न घेता दवाखाना गाठा. रक्त, लिव्हर, किडनी यांची तपासणी डोस स्थिर असेल तर दर २-३ महिन्यांनी. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहता कामा नयेत.

प्रश्न : कंबरेतून पायात कळ जाते. नागपूरच्या डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन दिली. रोवणीत काम निघेना म्हणून गावच्या डॉक्टरांकडून ट्रॅमाडॉल घेतली, शिवाय सांधेदुखीच्या पुड्या. आता हात थरथरतात, घाम फुटतो.
— शेतकरी, जि. भंडारा

उत्तर : ट्रॅमाडॉल आजपासून घेऊ नका आणि आजच दवाखान्यात जा. ड्युलोक्सेटिन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवतात. थरथर, घाम, बेचैनी ही त्याची सुरुवात असू शकते. ताप, अंग ताठणं, बरळणं सुरू झालं तर क्षणभरही थांबू नका. शिवाय ट्रॅमाडॉलला गुण यायला लिव्हरमधलं जे एन्झाइम लागतं तेच ड्युलोक्सेटिन दाबते. दुखणं थांबत नाही म्हणून माणूस आणखी एक ट्रॅमाडॉल घेतो आणि धोका तेवढा वाढतो. ड्युलोक्सेटिनसोबत डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते; डांबरासारखी काळी शी झाली तर तेच समजा. मोहाची दारू या कुठल्याच गोळीसोबत नको.

पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत भूक वाढते, अंग हलकं वाटतं, ते त्यानेच. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतल्या असतील तर एकदम सोडू नका. उरलेल्या पुड्या, गोळ्यांचे सगळे पत्ते आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि पुड्या किती दिवस घेतल्या तेही सांगा.