अलिबागकडच्या जुन्या ज्यू थडग्यांवर वर दोन आणि तळाशी पाच हिब्रू अक्षरं कोरलेली दिसतात. त्यांचा धार्मिक अर्थ काय?

वरची पे आणि नून ही अक्षरं म्हणजे ‘पो निकबर’, इथे पुरलं आहे. त्यात धार्मिक असं फारसं काही नाही. खरा ऐवज तळाच्या पाचांत आहे: ताव, नून, त्सादी, बेत, हे. ही पाच शब्दांची आद्याक्षरं आहेत आणि शेवटच्या अक्षराआधी ज्या दोन बारीक रेघा दिसतात, ती संक्षेपाची खूण. पूर्ण वाक्य असं की, याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो.

हे बायबलमधून आलंय, शमुवेलचं पहिलं पुस्तक, २५:२९. अबीगईल दावीदाला म्हणते, तुमचा जीव देवापाशी जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहील, पण तुमच्या वैऱ्यांचे जीव देव गोफणीतून भिरकावून देईल. आणि हे ऐकणारा कोण, तर गोफणीनेच गल्याथ या महाकाय योद्ध्याला लोळवणारा दावीद! दगडावर अर्थातच फक्त गाठोडं येतं. मृतासाठीच्या प्रार्थनेतही हीच याचना असते. म्हणून मी त्या पाच अक्षरांना माहिती नव्हे, प्रार्थनाच समजतो.

तारीखही बघा. मृताच्या स्मरणार्थ पुण्यतिथीला म्हणायची प्रार्थना, कद्दीश, हिब्रू तिथीप्रमाणे म्हणतात, त्यामुळे ती महत्त्वाची. आकडे अक्षरांनीच लिहितात. पंधरा सरळ लिहायचे तर दहा आणि पाचची अक्षरं, योद-हे, जोडावी लागतील. पण ती देवाच्या नावातली, म्हणून नऊ आणि सहा, तेत-वाव, कोरतात. सालातले हजार बहुधा गाळतात. ताव-रेश-सामेख म्हणजे ६६०, त्यात १२४० मिळवा, १९००. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, तेव्हा शरदातला मृत्यू असेल तर १८९९ धरा.

आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मराठीच बोलत. हिब्रूचं शिक्षण त्यांच्यात पसरलं ते मुख्यतः १९व्या शतकात, कोचीचे ज्यू शिक्षक आणि जॉन विल्सनसारखे मिशनरी यांच्यामुळे. त्यामुळे हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूर दिसला तर नवल नाही.

सहा टोकांच्या चांदणीत मात्र फार खोल अर्थ शोधू नका. थडग्यांवर तिची चाल मुख्यतः १९व्या शतकापासूनची. आशीर्वादाचे दोन पंजे कोरलेले सापडले तर ती कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्याची खूण. सुरई असेल तर लेवी, म्हणजे मंदिरातल्या सेवेकऱ्यांचं घराणं.