भांडण नाही, मग अर्जात कारण काय लिहायचं?

दोघं एकत्रच आले होते, एकाच फाइलमध्ये कागद घेऊन. लग्नाला सहा वर्षं, चार वर्षांची मुलगी. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज वकिलाशिवाय, स्वतःच करायचा असं ठरलेलं. कौटुंबिक न्यायालयात ते चालतं. अडलं होतं एका परिच्छेदावर. “मॅडम, ठोस कारण लिहिल्याशिवाय न्यायाधीश मान्य करतील का?” तिने विचारलं. त्याने कुणाचा तरी जुना अर्ज मिळवून त्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलली होती: ‘पत्नीने सतत मानसिक छळ केला...’ ते वाचल्यापासून तिची सहीची तयारीच डळमळली होती.

तो जुना अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खालचा, म्हणजे एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेला. तिथे क्रूरता, परित्याग असं कारण लागतं आणि ते सिद्धही करावं लागतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी १९७६ साली आलेल्या कलम १३-ब मध्ये प्रतिवादीच नसतो, दोघंही अर्जदार. सांगायच्या गोष्टी तीनच: अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहत आहोत, एकत्र नांदू शकलो नाही, आणि विवाह संपवावा यावर दोघांचं एकमत आहे. संमती दबावाने किंवा फसवून घेतलेली नाही ना, हे न्यायालय पाहतंच. तिथे ‘हिनेच छळ केला’ अशा आरोपाखाली सही केलेली बाई दिसली, तर नको तो प्रश्न उभा राहणारच.

आरोप खोडून एवढंच ठेवलं: “उभयतांच्या स्वभावात व विचारांत तीव्र मतभेद असल्याने ते एकत्र नांदू शकले नाहीत. समेटाचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. उभयतांनी स्वेच्छेने विवाह संपुष्टात आणण्याचे ठरविले आहे.” मतभेद कोणते, हे कुणी लिहायला सांगत नाही.

खरी गोची तारखेत निघाली. अर्जात ‘दोन वर्षांपासून वेगळे’, तिच्या प्रतिज्ञापत्रात १४ महिने. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आधीचे दहा महिने एकाच घरात वेगळ्या खोल्या, मग ती माहेरी. वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुरेष्टा देवी खटल्यात म्हटलं आहे. वर्षाची अट १४ महिन्यांतही भागते. पण पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या, अंतिम अर्जापर्यंतची सहा महिन्यांची थांबणूक माफ करून हवी असेल, तर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणे अर्जाआधीच दीड वर्ष वेगळेपणात गेलेलं असावं लागतं. यांना माफी हवी होती, म्हणून दहा महिने गाळून चालणार नव्हतं. दोन्ही टप्पे तारखांसह क्रमाने लिहिले: अमुक दिनांकापासून एकाच घरात, पण पती-पत्नी म्हणून नाही, अमुक दिनांकापासून पत्नी माहेरी. अर्ज, दोन्ही प्रतिज्ञापत्रं, संमतीच्या अटी (मुलगी, खर्च, भेटी यांवर दोघांनी ठरवलेलं लिहिलेला कागद), सगळीकडे त्याच तारखा. तोंडी विचारल्यावर एकाने ‘दीड’ आणि दुसऱ्याने ‘दोन’ म्हटलं की गाडी तिथेच अडते.

“दिवाळीत मी चार दिवस तिकडे होते, मुलीसाठी. ते लपवायचं का?” लपवायचं कशाला? मुलीसाठीची भेट, वैवाहिक संबंध नव्हते, एवढं एक वाक्य पुरतं. मात्र त्या काळात संसार खरंच पुन्हा सुरू झाला असता, तर वर्ष नव्याने मोजावं लागलं असतं.

संमतीच्या अटींत त्यांनी ‘मुलीचा खर्च आई करेल, वडिलांवर जबाबदारी नाही’ असं लिहिलं होतं. पत्नी स्वतःची पोटगी सोडू शकते, पण मुलीच्या पालनपोषणाचा हक्क मुलीचा आहे, तो आईने सोडून सुटत नाही. तिथे दरमहा रक्कम आणि ती जमा करायची तारीख आली. ‘वडील वेळोवेळी भेटतील’ हेही खोडलं, कारण पुढची भांडणं याच ‘वेळोवेळी’वरून होतात. त्याजागी दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६, आणि मुलीला आणायला-सोडायला कोण येणार तेही.