पावसात बेल्ट चिरकतोय? आधी गाडीखाली वाकून बघ

मित्रा, इंजिनचा बेल्ट (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर वगैरे फिरवतो तो) बदलायची घाई करू नकोस. फक्त पाणी साचलेल्या रस्त्यावरून गेल्यावरच आवाज येतो म्हणतोस ना, मग पुढचं चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मार, तिथे काळं प्लास्टिकचं स्प्लॅश शील्ड, म्हणजे चिखलपाणी अडवणारं कव्हर, असायला हवं आणि थेट पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक) दिसत असेल तर ते गेलंय. बऱ्याचदा सर्व्हिसिंगला काढतात आणि क्लिपा तुटल्या की परत लावतच नाहीत, माझ्या गाडीचं असंच झालेलं, ताम्हिणीत जुलैच्या पावसात प्रत्येक डबक्यानंतर किंचाळायची आणि मी उगाच २ बेल्ट बदलले. चाकाने उडवलेलं चिखलपाणी थेट पुलीवर जातं, बेल्ट घसरतो, बारीक वाळू खाचांमध्ये बसून बेल्ट आणि पुली दोन्ही घासते.

शील्ड आणि क्लिपा नवीन घे, तारेने बांधू नको, तार सुटून बेल्टमध्ये गेली तर फार वाईट.

शील्ड लावूनही आवाज राहिला तर इंजिन चालू असताना लांबूनच बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी फवार, हात आणि ओढणी-बाह्या लांब ठेव हं. आवाज वाढला तर बहुतेक बेल्टचा ताण कमी आहे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बघायला सांग. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नसेल. आणि बेल्टवर ऑइल किंवा स्प्रे अजिबात मारू नकोस, त्याने रबर खराब होतं. बॅटरीचा लाल दिवा लागला तर मात्र लगेच गॅरेज गाठ.