मुलीला बडोद्याचं विद्यापीठ दाखवायला येतोय, दोन दिवसांत शहरात काय काय बघता येईल?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, तिला फाइन आर्ट्स करायचंय, डिसेंबरात दोन दिवस येताय, आणि कॉलेज 'तासाभरात उरकून' स्टॅच्यू ऑफ युनिटी, राजवाडा वगैरे जमेल का. त्या 'उरकून' शब्दावरून लिहायला बसले. मी दांडिया बाजारात राहते, जन्मही इथलाच.

2019 च्या डिसेंबरात माझा दादा ठाण्याहून वहिनी आणि भाचीला घेऊन याच कामासाठी आला होता. भाची तेव्हा बारावीला, हातात कायम स्केचबुक. मी आठवडाभर आधी फोनवर सांगितलं होतं की पहिला दिवस पूर्ण कॉलेजला ठेव. दादाने येण्याआधीच केवडियाची, म्हणजे स्टॅच्यू ऑफ युनिटी आहे तिथली, गाडी ठरवून टाकली होती, साडेअकराची. साडेदहाला आम्ही युनिव्हर्सिटीत पोचलो. आर्ट्स फॅकल्टीच्या मोठ्या घुमटासमोर फोटो झाले, एका ऑफिसात दादाने फी आणि हॉस्टेल विचारलं, माहितीपत्रक घेतलं. खिडकीवरच्या माणसाने 'सगळं वेबसाइटवर आहे' एवढंच सांगितलं. फाइन आर्ट्स तिथून जवळच, पण गाडीवाल्याचा फोन आला. भाची म्हणाली, "बाबा, स्टुडिओ तरी बघू." दादा म्हणाला, "संध्याकाळी येताना बघू." केवडिया इथून नव्वदेक किलोमीटर. परत यायला साडेसात झाले. फाटक बंद होतं, आत दिवा नव्हता. ती पोरगी फाटकाच्या गजांतून पाच मिनिटं आत बघत होती. मला ते अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा-वहिनी लक्ष्मीविलास राजवाडा बघायला गेले आणि मी तिला घेऊन रावपुऱ्यात तांबेकर वाड्यात गेले. भाऊ तांबेकर गायकवाडांचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. बाहेरून बघितलं तर लक्षही जाणार नाही, खांच्यात, म्हणजे गल्लीत, दडलेला जुना लाकडी वाडा. वर गेलं की भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णाच्या गोष्टी, लढाया, माणसंच माणसं. एकोणिसाव्या शतकातलं काम आहे, काही ठिकाणी रंग उडालाय, काही ठिकाणी काल लावल्यासारखा. भाची एका भिंतीपाशी खाली बसली आणि एका गोपीचा फक्त हात काढत राहिली, कोपरापासून बोटांपर्यंत. तीनदा खोडला. बांगड्या मनगटावर कशा वळतात तेच तिला जमेना. वीस मिनिटांनी हात झाला तेव्हा तिने विचारलं, "आत्या, इथल्या कॉलेजची मुलं येतात का गं इथे काढायला?" मला उत्तर देता आलं नाही. ते कॉलेजात विचारायचं होतं, आणि कॉलेजात आम्ही कुणाशी बोललोच नव्हतो.

तेवढ्यात दादाचे तीन फोन झाले होते.

पुढे तिने दुसऱ्या शहरात प्रवेश घेतला. 'बडोदा बघून आलो, काही खास वाटलं नाही' असं दादा आजही चारचौघांत सांगतो, आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. तू बडोदा बघितलंसच नाहीस, दादा. तुझं म्हणणं, कॉलेज म्हणजे चार भिंती, सगळीकडे सारख्याच. ही फाइन आर्ट्सची फॅकल्टी 1950 ची. नारायण श्रीधर बेंद्रे इथे चित्रकला शिकवायचे, इंदूरचा मराठी माणूस. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन, शिल्पकार शंखो चौधुरी इथे शिकवत होते, चित्रकार गुलाम मोहम्मद शेख इथेच शिकले आणि मग इथेच शिकवलं. अशा जागेच्या भिंती सारख्या नसतात. मुलीला चार वर्षं जिथे काढायचीत तिथली मुलं काय करतात, मातीने हात भरलेले असताना चहा कुठे पितात, शिक्षक दार उघडं ठेवतात की बंद, हे बघायला आपण जातो.

म्हणून सरळ सांगते, पहिला पूर्ण दिवस फाइन आर्ट्सला द्या. सकाळी साडेदहा-अकराला जा, परवानगी घेऊन स्टुडिओ बघा. पेंटिंग, स्कल्प्चर, प्रिंटमेकिंग, सगळीकडे मुलीला पुढे करा आणि तुम्ही मागे थांबा. कँटीनमध्ये दोन सीनियर मुलींशी ती एकटी बोलू दे. हॉस्टेल, मेस, रात्री परत यायची सोय, हे त्या तुमच्यासमोर सांगणार नाहीत, तिला सांगतील. आणि मुलीला भाषेची काळजी असेल तर शिकवणं इंग्रजीतच चालतं. जमलं तर शैक्षणिक वर्षाच्या शेवटी पुन्हा या, तेव्हा विद्यार्थ्यांची कामं सगळ्यांना बघायला मांडतात.

तिथून दुपारी समोरच कमाटीबाग. पाट्यांवर सयाजीबाग लिहिलेलं असतं, आम्ही कमाटीबागच म्हणतो. आतल्या म्युझियममध्ये दोन तास सहज जातात. पण त्याच बागेशी जोडलेली एक गोष्ट मुलीला नक्की सांगा. बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. शिकून 1917 मध्ये नोकरीसाठी इथे परतले, तर या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ते कमाटीबागेत झाडाखाली बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं हे आम्ही बडोदेकर अभिमानाने सांगतो. मग हेही आम्हीच सांगायला हवं.

दुसरा दिवस जुन्या शहराला. सकाळी कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, तिथे नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीरा, महाभारत. चित्रकलेच्या मुलीने ही बघितल्याशिवाय परत जाऊ नये. मग तांबेकर वाडा, मग चालत सूरसागर तलावावरून न्यायमंदिराकडे आणि मांडवीपर्यंत. मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. आत लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. मी कॉलेजात असताना त्या काचेवर चालायला घाबरायचे.

राजवाडा बघायचाच असेल तर त्याच्याच आवारातलं फत्तेसिंहराव म्युझियम आधी बघा, तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. खुद्द राजवाडा भव्य आहे, पण तिकीट स्वस्त नाही आणि वेळ खातो.

खाण्याचं फार लिहीत नाही. सेवउसळ सकाळी किंवा संध्याकाळी, रस्सा तिखट असतो, जपून. घरी न्यायला लीलो चेवडो. रावपुरा-दांडिया बाजारात मराठीत बोललात तरी चालतं. 2018 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच झालं होतं, त्यामुळे 'बडोद्यात मराठी उरलीय कुठे' हे दादाचं वाक्य तरी घेऊन येऊ नका.

आता स्टॅच्यूचं. 182 मीटरचा पुतळा आहे, बघण्यासारखा आहे, मी स्वतः दोनदा गेलेय. पण त्याला पूर्ण वेगळा दिवस लागतो. तिसरा दिवस काढता येत असेल तर जा, नाहीतर पुढच्या खेपेला. सोमवारी तो बंद असतो, आणि फत्तेसिंहराव म्युझियमही सोमवारी बंद असतं, त्यामुळे तारखा धरताना सोमवार टाळा. तांबेकर वाडा आणि कीर्तिमंदिराच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्या. रविवारी फॅकल्टी बंद, आणि डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात तर मुळीच येऊ नका, नाताळच्या सुट्टीत स्टुडिओत कुणी भेटणार नाही.

एक मात्र मान्य करते. भाची जिथे शिकली तिथे ती छान रमली, आता ॲनिमेशनच्या कामात आहे. बडोद्यातच ती जास्त चांगली झाली असती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि दादाने तीन माणसांचा खर्च करून तिला इथवर आणलं हेही खरं. कित्येक आईबाप तेवढंही करत नाहीत. पण गेल्या दिवाळीत ठाण्याला गेले होते, तिच्या टेबलावर ते जुनं स्केचबुक होतं. त्यात केवडियाचं एकही पान नाही. तो हात आहे, आणि खाली तारीख घालून लिहिलंय, 'तांबेकर वाडा, आत्याबरोबर'.

दादाला मी ते पान दाखवलं. त्याने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हे कधी गेला होतात तुम्ही?"