गिझर ३,२०० मध्ये होईल, कार्डाचं काय?

पुण्यातल्या वाघोलीच्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून खाली दिलंय.

"नमस्कार. आमचा २५ लिटरचा गिझर ६ वर्षं जुना आहे. महिनाभर पाणी उशिरा तापत होतं, आतून कडकड आवाज यायचा, आता बटण चालू केलं की दहा मिनिटांत ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पडतो. सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला कॉइल गेली, आत क्षार खूप आहेत, ३,२०० होतील, आणि वर ३ वर्षांची एएमसी (देखभालीचा करार) घ्या ५,४०० ची. दुकानदार म्हणतो जुन्यावर खर्च करू नका, ५ स्टारवाला नवीन १२,००० चा घ्या, नो कॉस्ट ईएमआयवर महिना २,०००, लाइट बिल निम्मं होईल. काय करू? मिस्टरांचा पगार हातात ६२,००० येतो, वय ३८, दोन मुलं. क्रेडिट कार्डावर ६८,००० बाकी आहे पण मिनिमम ३,४०० वेळेवर भरतो, एकदाही चुकलं नाही. मार्चमध्ये बँकेतल्या गॅरंटीड प्लॅनचा दुसरा हप्ता आहे ६०,००० चा, पहिला कार्डावरच भरला होता, यंदाही तसंच करू. किराणाही कार्डावरच घेतो, ४५ दिवस फुकट मिळतात. २ लाख २० हजारांची एफडी आहे पण ती अडीअडचणीची, मोडायची नाही."

ताई, गिझर दुरुस्त करा. नवीन नको, एएमसी नको. का ते खाली सांगते, पण आधी तुम्ही न विचारलेलं बोलूया, कारण तुमचे पैसे गिझरमधून जात नाहीयेत.

मिनिमम वेळेवर भरलं म्हणजे सगळं सुरळीत आहे असं तुम्ही धरून चाललाय. तसं नाहीये. मिनिमम भरल्यावर फक्त लेट फी लागत नाही आणि रेकॉर्डला डिफॉल्ट दिसत नाही, व्याज चालूच राहतं. महिन्याला साडेतीन टक्के धरा, बहुतेक कार्डांचं त्याच्याच आसपास असतं, स्टेटमेंटच्या मागच्या पानावर तुमचा नेमका दर छापलेला असेल. ६८,००० वर झाले २,३८० आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,८०० रुपये. तुम्ही भरता ३,४००, त्यातले २,८०० व्याजात गेले, बाकी कमी झाली फक्त ६०० ने, आणि तेवढ्यात नवीन किराणा त्यावर चढला. म्हणून तर दहा महिने भरूनही आकडा हलत नाहीये. गिझरच्या ३,२०० साठी तुम्ही मला पत्र लिहिलंत, आणि जवळपास तेवढीच रक्कम दर महिन्याला व्याजात जातेय त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही!

आणि ते ४५ दिवस फुकट, ते फक्त मागचं बिल पूर्ण भरणाऱ्याला मिळतात. बाकी पुढे ढकलली की नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. तुमचा तांदूळ, तेल, साबण गेले दहा महिने वर्षाला ४० टक्क्यांहून जास्त व्याजाच्या कर्जावर येतोय. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही याचा मला खरंच राग येतो.

आता एफडी. साडेसहा टक्के धरले तर ६८,००० वर वर्षाला साधारण ४,४०० मिळतात, आणि तेवढ्याच रकमेवर कार्डाला जातात ३३,६००. अडीअडचणीसाठी ठेवलीय म्हणता, मग ही अडचण नाही तर काय आहे? मोडा. पूर्ण मोडायची नसेल तर बँकेत विचारा, तेवढीच रक्कम काढता येते का. मुदतीआधी काढल्याचा अर्धा-एक टक्का दंड बसेल, बसू दे, एका महिन्याच्या व्याजात तो वसूल होतो. कार्ड पूर्ण भरा. पुढच्या बिलात थोडं मागचं व्याज येईल, बिलाच्या तारखेपासून भरल्याच्या तारखेपर्यंतचं, त्याला घाबरू नका, तेही पूर्ण भरा आणि मग किराणा सरळ यूपीआयने घ्या. हाताशी दीड लाख उरतातच.

आता तो गॅरंटीड प्लॅन, म्हणजे विमा पॉलिसी. तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलंय की एफडी रिन्यू करायला गेलात आणि काउंटरवरच्या मॅडमनी "एफडीसारखंच आहे, त्यापेक्षा चांगलं" म्हणून सह्या घेतल्या. १० वर्षं ६०,००० भरायचे, १५ व्या वर्षी साडेदहा लाख. सहाचे साडेदहा ऐकायला छान वाटतं, पण हिशोब केला तर साडेपाच टक्केसुद्धा पडत नाहीत. पीपीएफ सध्या ७.१ देतं, तेही १५ वर्षांचंच, तिथे हेच हप्ते साडेबारा लाख होतात. बरं, पहिले ६०,००० पूर्ण बुडाले असं धरा, एक पैसा परत आला नाही. तरी उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये टाकले तर १४ वर्षांत पावणेअकरा लाखांच्या वर जातात. म्हणजे "भरलेले वाया जातील" या भीतीने पुढचे भरायचे काहीच कारण नाही. शिवाय पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे, नव्या नियमात एक वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरलेला असला की वर्ष संपल्यावर थोडी सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. किती ते कंपनीकडून लेखी घ्या, पूर्ण पैसे परत यायची आशा ठेवू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस, म्हणजे तारखेनंतरची सवलत, असतो, तेव्हा मार्चमध्ये कोणी "उद्या पॉलिसी लॅप्स होईल" म्हणून फोन करत बसलं तर घाई करायची नाही. आणि कार्डावर तर अजिबात भरायचं नाही. ३० दिवसांचा फ्री लूक (नवी पॉलिसी परत करायची मुदत) केव्हाच संपला, पण चुकीचं सांगून विकलं म्हणून कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही.

एक गोष्ट मात्र क्रमाने करा. त्या प्लॅनमध्ये विमा आहे ६ लाखांचा, म्हणजे मिस्टरांचा दहा महिन्यांचा पगार. दोन लहान मुलं असलेल्या घराला त्याने काय होणार? आधी १ कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, ३८ व्या वर्षी तब्येत ठीक असेल तर वर्षाला १५,००० च्या आसपास, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तो हातात आला की मग जुना बंद. कार्डाचे ३,४०० सुटले, आणि हप्त्यासाठी लागले असते ते महिना ५,००० बाजूला टाकलेत, तर त्यातून टर्मचे १,२५० वजा जाऊन उरतात सात हजारांच्या वर. तेवढे टाकत गेलात तर साधारण दहा महिन्यांत एफडी होती तेवढी परत भरून येते. पीपीएफ त्यानंतर.

आता गिझर. वाघोलीला टँकर नाहीतर बोअरचं पाणी, त्यातला क्षार कॉइलवर थर धरतो, कडकड आवाज त्याचाच. थराखाली कॉइल जास्त तापते, तिचं कव्हर तडकतं आणि करंट पाण्यात उतरायला लागतो, म्हणून ईएलसीबी पडतोय, तो त्याचं काम करतोय. ही दुरुस्तीत निघणारी गोष्ट आहे. कॉइल, थर्मोस्टॅट, मॅग्नेशियम रॉड, गॅस्केट आणि आतून साफसफाई, सगळं धरून ३,२०० थोडे जास्त आहेत पण लुबाडणूक नाही. मॅग्नेशियम रॉड यात आहे का ते नक्की विचारा, टाकीच्या ऐवजी तो गंजतो म्हणून टाकी टिकते आणि बरेच जण तो बदलतच नाहीत. जुने पार्ट परत मागा, बिल घ्या. टाकीच फुटून पाणी गळत असेल तरच नवीन घ्यायचा, आणि तेव्हाही आधी वॉरंटी कार्ड शोधा, टाकीची वॉरंटी बाकीच्या गिझरपेक्षा जास्त वर्षांची असते.

एएमसी म्हणजे वर्षाला १,८००, आणि त्यात कॉइल धरलेली आहे का हे कागदावर बघा, बऱ्याचदा नसते. वर्षातून एकदा साफसफाई करून घ्या, ६००-७०० मध्ये होते.

बिल निम्मं होणार नाही. २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला एक युनिट लागतंच, १ स्टार असो की ५ स्टार. स्टार फरक दाखवतात ते गरम पाणी टाकीत पडून राहिल्यावर किती निवतं त्यात, आणि तुम्ही आंघोळी झाल्या की बंद करता. नवीन गिझरलाही तेच टँकरचं पाणी, तोच क्षार.

मेकॅनिकला उद्याच बोलवा, ३,२०० रोख द्या. तो येईपर्यंत गिझरचं बटण चालू करू नका, आणि कोणी म्हणालं की ईएलसीबी काढून डायरेक्ट जोडून देतो, तर त्याला घरात घेऊ नका.