108 वरचा नवरा घरी येऊन ओरडतो: स्वभाव की आजार?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा 108 अँब्युलन्सवर ईएमटी (रुग्णाला वाटेत तातडीचे उपचार देणारा) आहे, अपघाताची केस करून आला की पोरावर ओरडतो आणि मग रात्रभर गप्प. मीही इंदूरलाच अँब्युलन्सवर अकरा वर्षं काढली, म्हणून सांगतो.

30 मार्च 2023, रामनवमी. इंदूरच्या एका मंदिरातल्या बावडीवरचा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचा) स्लॅब खचला, 36 माणसं गेली. रात्री उशिरापर्यंत पंप लावून पाणी उपसणं चालू होतं. तिथे माझा हात एकदाही थरथरला नाही. तीनेक आठवड्यांनी घरी नर्मदेचं पाणी आलं, बायकोनं टाकीची मोटार लावली आणि मी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. का, ते माझं मलाच कळेना. पंपाचा आवाज हे कारण सापडायला सहा महिने गेले. (तोवर बायको भाजीला दोष देत होती!)

कामावर भीती दाबावीच लागते, नाहीतर सलाईन लावायला शीर सापडत नाही. पण मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, तसला आवाज, तसला वास आला की आधी धावतो, विचार करणारा भाग मागून पोचतो. बारा तासांच्या शिफ्टनंतर झोप नसली की आणखी मागून.

त्याच रात्री ‘काय झालं, सांग ना’ म्हणून खोदू नका. बळेच सगळं वदवून घेण्याच्या विरोधात जागतिक आरोग्य संघटनाही आहे. चहा द्या, अंघोळ होऊ द्या, पोराला थोडा वेळ शेजारी पाठवा. मात्र त्यानं हात उचलला, तर समजून घेत बसू नका. आधी तुम्ही आणि पोर तिथून बाहेर.

वाईट स्वप्नं, दचकणं, एखादा रस्ता टाळणं हे महिन्याच्या वर चाललं तर पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार) असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. तो ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे जायला तयार होणार नाही, आमची नोकरी ठेक्याची, कुणाला कळलं तर, ही धास्ती असते. मग टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 लावा. फुकट आहे, रात्रीही लागतो, तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता. आमच्याकडे पहिला फोन बायकोनंच केला होता.

आता ती मोटार लावायच्या आधी आतून हाक देते, “लावतेय हो!”