नऊवारी मागितली की लेहंगा का येतो?

ताई, चित्र काढणाऱ्या एआयला तुम्ही दिलेला प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी वर्णन, होता : ‘नऊवारी नेसून फुगडी घालणाऱ्या दोन सुंदर मराठी बायका, पारंपरिक, अप्रतिम, 8के, मास्टरपीस’. चित्र मंगळागौरीच्या पत्रिकेसाठी, आणि दर वेळी लेहंगा घालून गरबा खेळणाऱ्या मुली येतात ही तक्रार. येणारच. चित्र काढणारी ही एआय मॉडेलं इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्यांवर शिकली आहेत, आणि तो मजकूर बहुतेक इंग्रजी. ‘साडी’ लिहिलेले फोटो ढिगाने, ‘नऊवारी’वाले त्या मानाने चिमूटभर, फुगडीचे त्याहून कमी. शब्द ओळखीचा नसला तरी मॉडेल अडत नाही, जवळपासचं काहीतरी देऊन मोकळं होतं.

म्हणून ‘नऊवारी’ शब्द राहू द्या, पण लगेच पुढे डोळ्यांना काय दिसतं ते लिहा : जरीकाठाची साडी, धोतरासारखी दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेली, पुढे निऱ्या, पोटऱ्या थोड्या उघड्या, पदर डाव्या खांद्यावरून. फुगडीचंही तसंच : दोघी समोरासमोर, पावलं जवळजवळ, हातांची फुली करून एकमेकींचे हात घट्ट धरलेले, अंग मागे झुकलेलं, पदर गरगर फिरण्याने उडालेला. नुसती ‘नथ’ लिहिलीत तर कानापर्यंत साखळी गेलेली उत्तरेकडची मोठी गोल नथ मिळण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा ‘डाव्या नाकपुडीत मोत्यांची छोटी, वळणदार नथ, साखळी नसलेली’... आणि इथेच थांबा, कारण शेवटचे दोन शब्द घातक आहेत.

नकार यातल्या बऱ्याच मॉडेलांना नीट कळत नाही. ‘साखळी नसलेली’ लिहिलं की साखळी बऱ्याचदा येते, ‘लेहंगा नको’ लिहिलं की लेहंगा. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या मॉडेलमध्ये नको त्या गोष्टींसाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा चौकोन असतो, मिडजर्नी या दुसऱ्या मॉडेलात ‘--no’ हा पॅरामीटर, म्हणजे प्रॉम्प्टच्या शेवटी जोडायची सूचना, असतो. नको ते तिकडे टाका, मुख्य वर्णनात फक्त हवं ते.

कोनाचा विचार बहुतेक जण करत नाहीत. कासोटा मागे असतो! समोरून काढलेल्या चित्रात नऊवारी आणि सहावारी यांतला फरक निम्मा झाकला जातो. एक बाई पाठमोरी-तिरकी दिसेल असं सांगा, म्हणजे खोचलेला काष्टा दिसलाच पाहिजे अशी जागा तयार होते.

‘8के, मास्टरपीस, अप्रतिम’ सरळ काढून टाका. असले शब्द ॲनिमेच्या काही मॉडेलांत चालतात, कारण तिथे प्रशिक्षणाच्या चित्रांवरच दर्जाची लेबलं लावलेली होती. बाकी ठिकाणी ती जागा उजेडाला द्या. मंगळागौरीचे खेळ जागरणाचे, म्हणजे रात्र. ‘उंच पितळी दिव्यातल्या वातींचा पिवळा उजेड, मागे अंधारा वाडा, लाकडी खांब’ एवढ्याने चित्राचा नूर जितका बदलतो तितका दहा विशेषणांनी बदलत नाही.

लांबीचं भान ठेवा. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या आवृत्त्या एका वेळी 77 टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) वाचतात, त्यातली दोन सुरुवात आणि शेवट यांच्या खुणांना जातात. देवनागरी अक्षरांचे तिथे बारीक तुकडे होतात, त्यामुळे मराठी वाक्य अर्ध्यातच कोटा संपवतं आणि कळत तर जवळजवळ काहीच नाही. तिथे इंग्रजीच लिहा, महत्त्वाचं आधी. चॅटजीपीटी किंवा जेमिनीला मात्र खुशाल मराठीत सांगा.

दोघींना वेगळे रंग दिलेत, एकीला हिरवी आणि दुसरीला लाल, तर रंग एकमेकींत सांडतात. नव्या मॉडेलांत हे कमी झालंय, संपलेलं नाही. आधी दोघींना एकाच रंगात काढा, मग इनपेंटिंगने, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग पुन्हा काढून, एकीची साडी रंगवून घ्या. फुगडीतले गुंफलेले हात हा तर सगळ्यात अवघड भाग, बोटं वाढतात किंवा एकमेकांत वितळतात. माझं मत विचाराल तर फ्रेम लांबून घ्या, डोक्यापासून पायापर्यंत, हात छोटे दिसतील इतकी. तेही जमेना तर मंडळातल्या दोघींना फुगडी घालायला लावून फोनवर एक फोटो काढा आणि कंट्रोलनेटला (फोटोतली अंगाची ठेवण चित्रात उतरवणारी स्टेबल डिफ्यूजनची जोडणी) तो मांडणीसाठी द्या. मग शब्दांनी फक्त साडी आणि उजेड सांगायचा उरतो.

प्रयोग करताना सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही.

आणि ‘मंगळागौरीचे सस्नेह निमंत्रण’ चित्रातच लिहून मागू नका. जोडाक्षरं अजूनही बऱ्याच ठिकाणी फुटतात, ‘स्ने’चं काय होईल सांगता येत नाही. उभं चित्र मागा, वरचा तिसरा भाग रिकामा अंधार ठेवायला सांगा, आणि मजकूर नंतर कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये ‘मुक्त’ (Mukta) नावाच्या फाँटने टाका. तारीख बदलली तर चित्र पुन्हा काढावं लागणार नाही.